न घेतलेल्या विम्याचं बिल

१२ सप्टेंबर २०११ची रात्र. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात रिपब्लिकन पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी इच्छुक असलेल्यांची टीव्हीवरची चर्चा चालू होती. सूत्रसंचालक वुल्फ ब्लिट्झर यांनी टेक्सासचे खासदार रॉन पॉल यांच्यापुढे एक काल्पनिक तरुण उभा केला. वय तीस, तब्येत ठणठणीत, नोकरी चांगली, पगारही चांगला. महिन्याला दोन-तीनशे डॉलर विम्यात कशाला घालवू, असं म्हणून त्याने आरोग्यविमा काढलेला नाही. आणि अचानक तो कोमात जातो. सहा महिने अतिदक्षता विभागात ठेवावं लागणार. पैसे कोण भरणार?

पॉल म्हणाले, स्वातंत्र्य म्हणजे हेच, आपली जोखीम आपण घ्यायची. टाळ्या पडल्या. ब्लिट्झर यांनी पाठ सोडली नाही. म्हणजे समाजाने त्याला मरू द्यायचं का? प्रेक्षकांतून काही आवाज आले, "हो!" पॉल स्वतः मात्र हो म्हणाले नाहीत. ते पेशाने डॉक्टर. मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना यायच्या आधी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपण सॅन अँटोनिओच्या एका रुग्णालयात काम करत होतो, आणि तिथून कुणालाही परत पाठवलं जात नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. मित्र, शेजारी आणि चर्च यांनी करायचं काम सरकारने अंगावर घेतलं, हे त्यांचं दुखणं होतं.

सक्तीच्या आरोग्यविम्याचा वाद समजून घ्यायला याच्याइतका उपयोगी प्रसंग मला दुसरा सापडत नाही. हो म्हणून ओरडणाऱ्यांची पुढे बरीच छी-थू झाली. ती व्हायलाच हवी होती. पण निव्वळ तर्काने पाहिलं तर त्या सभागृहात सुसंगत बोलले ते तेवढेच. विमा न घेण्याचं पूर्ण स्वातंत्र्य हवं असेल तर त्याच्या जोडीला रुग्णालयाला दार लावून घेण्याचंही स्वातंत्र्य असायला हवं. पॉलना ते नको होतं. बहुतेक कुणालाच नको असतं. रस्त्यावर रक्तबंबाळ पडलेल्या माणसाची पॉलिसी आधी तपासा आणि मग उचला, असं म्हणणारा समाज आपल्याला समाज वाटत नाही.

अमेरिकेने तर हे कायद्यातच लिहून ठेवलं आहे. १९८६ साली, रोनाल्ड रेगन अध्यक्ष असताना, असा नियम झाला की मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाने आपत्कालीन विभागात आलेल्या प्रत्येकाला तपासलं पाहिजे आणि त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार केले पाहिजेत, मग त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत. मेडिकेअर म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी विमा. त्याचे पैसे न घेणारं रुग्णालय त्या देशात शोधूनच काढावं लागेल. म्हणजे प्रत्येकाला विमा घ्यायला लावणारा ओबामांचा आरोग्यकायदा येण्याच्या चोवीस वर्षं आधीपासून तिथे सक्ती होतीच. ती रुग्णालयावर होती. रुग्णालय तो खर्च कुठून तरी भरून काढणार: थोडा इतर रुग्णांच्या बिलातून, थोडा सरकारी अनुदानातून, थोडा स्वतःच्या तोट्यातून. ब्लिट्झर यांच्या तरुणाचं बिल फाटतंच. ते कुणाच्या नावावर फाडायचं एवढाच प्रश्न उरतो.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आरोग्याच्या बाबतीत सक्ती हवी की नको, हा प्रश्न मला पोकळ वाटतो. कुणाला मरू द्यायचं नाही असं एकदा ठरलं की सक्ती आलीच. ती फक्त जागा बदलते: कधी रुग्णालयावर, कधी करदात्यावर, कधी विमाकंपनीवर, कधी विमा न घेणाऱ्यावर. स्वातंत्र्याची चाड असणाऱ्याने विचारायचं ते असं की कोणत्या जागी ती माणसाला सर्वांत कमी जाचते आणि उघड दिसते.

हे काही डाव्यांचं मत नव्हे. बाजाराचे खंदे समर्थक फ्रीडरिश हायेक यांनीच १९६० साली लिहून ठेवलं आहे की आजारपणात अगदी हलाखीत सापडलेल्यांना सांभाळणं हे समाजाचं कर्तव्य एकदा मानलं, की लोकांना त्याची तरतूद आधीच करायला लावणं हे त्यातून आपोआप निघतं. हायेक यांचा विरोध होता तो सगळ्यांना एकाच सरकारी योजनेत कोंबण्याला. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने प्रत्येक कुटुंबाला विमा बंधनकारक करण्याची कल्पना मांडली, तीही सरकारी आरोग्यसेवेला पर्याय म्हणून. १९९३ मध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन चॅफी यांच्या विधेयकात ती होती. २००६ मध्ये मिट रॉम्नी यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ती अमलात आणली. २०१० मध्ये तीच कल्पना ओबामांच्या सहीने आली आणि रातोरात स्वातंत्र्यावरचा घाला ठरली. राजकारणात असं चालायचंच. पण कल्पना कुणी मांडली यावरून ती वाईट ठरत नाही, तशी चांगलीही ठरत नाही.

आता तिच्याविरुद्धचा युक्तिवाद. तो नीट ऐकला पाहिजे, कारण त्याची टिंगल फार स्वस्तात होते. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ओबामांच्या कायद्यावर सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी विचारलं, प्रत्येकाला कधी ना कधी अन्न विकत घ्यावंच लागतं, मग सरकार लोकांना ब्रोकोली विकत घ्यायला लावू शकेल का? लोक हसले. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. काही करताना त्यावर बंधन घालणं वेगळं आणि काहीच न करणाऱ्याला करायला लावणं वेगळं. गाडी चालवायची तर विमा काढा, हे ठीक. गाडी न चालवण्याची सोय आहे. शरीर न बाळगण्याची सोय नाही. तेव्हा "गाडीचा विमा सक्तीचा असतो की" हे जे उत्तर नेहमी तोंडावर फेकलं जातं, ते लंगडं आहे. शिवाय गाडीचा सक्तीचा विमा असतो तो दुसऱ्याला होणाऱ्या इजेसाठी. स्वतःच्या गाडीचा चुराडा झाला तर तो ज्याचा त्याने सोसायचा.

ब्रोकोलीचं खरं उत्तर वेगळं आहे. मी ब्रोकोली घेतली नाही म्हणून उद्या ती मला फुकट पुरवायला कुणी कायद्याने बांधलेला नसतो. उपचारांच्या बाबतीत असतो. जिथे न घेतलेल्या वस्तूचं बिल शेजाऱ्याकडे जातं, तिथे न घेणं ही माझी खासगी बाब राहत नाही.

पण इथे थांबून चालणार नाही, कारण या उत्तराने विम्याची जेवढी सक्ती समर्थनीय ठरते तेवढीच प्रत्यक्षात लादली जात नाही. ती त्याहून बरीच मोठी असते. का, ते आकड्यांत पाहू. शंभर माणसं घ्या. त्यांतल्या दहांना जुनाट आजार आहे, त्यांच्यावर वर्षाला प्रत्येकी दहा हजार डॉलर खर्च होतो. उरलेल्या नव्वदांचा खर्च सोयीसाठी शून्य धरू. एकूण लाखभर डॉलर, म्हणजे माणशी हजाराचा हप्ता. कायद्याने असं ठरवलं की आजाऱ्याला विमा नाकारायचा नाही आणि त्याच्याकडून जास्त हप्ताही घ्यायचा नाही. धडधाकट माणूस हिशेब करतो: माझा खर्च काहीच नाही, हजार का भरू? आणि आजारी पडलोच तर तेव्हा घेईन, नाकारणार तर नाहीतच. घर पेटल्यावर विमा काढता येत असेल तर आधी कोण काढेल? चाळीस जण बाहेर पडतात. राहिले साठ, खर्च तोच, हप्ता १,६६७. आणखी तीस जातात. राहिले तीस, हप्ता ३,३३३. शेवटी उरतात ते फक्त आजारी, आणि त्यांना जो हप्ता येतो तो त्यांच्या उपचारांच्या खर्चाएवढाच. मग विमा कशाला म्हणायचं त्याला?

हे कागदावरचं भय नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या: आजाऱ्याला नाकारायचं नाही आणि प्रत्येकाने विमा घ्यायचा. १९९५ मध्ये सत्तापालट झाल्यावर सक्ती रद्द केली, पण न नाकारण्याचा नियम ठेवला, कारण तो लोकप्रिय होता. १९९९ उजाडेपर्यंत त्या राज्याच्या बहुतेक भागांत एकट्या-दुकट्या माणसाला नवी पॉलिसी विकणारी कंपनीच उरली नव्हती. २००० मध्ये कायदा पुन्हा बदलावा लागला. गोड भाग ठेवायचा आणि कडू भाग काढायचा, हा मोह प्रत्येक लोकप्रतिनिधीला होतो. वॉशिंग्टनने त्याची किंमत मोजली.

तरीही त्या शंभरांतल्या एका धडधाकट माणसाच्या जागी उभं राहून पाहा. त्याच्याकडून हजार डॉलर घेतले जातात ते उद्या त्याचं बिल दुसऱ्यावर पडू नये म्हणून? अंशतः. मुख्यतः ते घेतले जातात कारण दहा आजारी माणसांचा खर्च भागवायचा आहे. ओबामांच्या कायद्यात साठीतल्या माणसाला तरुणापेक्षा फार तर तिप्पट हप्ता लावता येतो. वयस्कांचा खर्च त्याहून जास्त पटीत असतो. मधली तफावत तरुणाच्या खिशातून जाते. म्हणजे सव्वीस वर्षांच्या, नुकत्या नोकरीला लागलेल्या, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेल्या मुलीला आपण सांगतो की तू बेजबाबदार आहेस, फुकट्या आहेस, म्हणून विमा घे. आणि तिच्याकडून घेतलेले पैसे पोचवतो तिच्यापेक्षा दुप्पट कमावणाऱ्या साठीतल्या गृहस्थाला. स्वातंत्र्यवाद्यांचा राग इथे रास्त आहे. मदत करायला लावायची आणि वर तिला जबाबदारीचा धडा म्हणायचं, यात अप्रामाणिकपणा आहे.

यावर एक उत्तर दिलं जातं की तीच मुलगी पुढे साठीची होईल, तेव्हा तिला फिरून मिळेल. मिळेल कदाचित, कायदा तोवर टिकला तर. पण आजाऱ्याचा भार धडधाकटाने उचलावा, याचं समर्थन मला अशा देवाणघेवाणीतून करायचंच नाही. मधुमेह घेऊन जन्मलेल्या मुलाने काही निवड केलेली नसते. त्याला परवडेल असा विमा मिळावा हे न्याय्य आहे. ते न्याय्य असेल तर त्याचा खर्च ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त उचलावा, आणि तो उघडपणे, कर म्हणून उचलावा. हप्त्याच्या पोटात लपवून तो वयाने तरुण असलेल्यांवर टाकू नये. सक्तीच्या विम्याला माझा पाठिंबा आहे तो इथवर: जे संकट एका माणसाला आणि पर्यायाने इतरांना बुडवू शकतं, त्या मोठ्या खर्चापुरता. सर्दीखोकल्याच्या औषधापासून चष्म्यापर्यंत सगळं सक्तीच्या पॉलिसीत घालणं म्हणजे लोकांच्या वतीने त्यांचा घरखर्च ठरवणं. आणि पॉलिसीत काय असावं हे राजधानीत ठरू लागलं की तिथे औषधकंपन्यांपासून धर्मगुरूंपर्यंत सगळ्यांची रांग लागते. ओबामांच्या कायद्यात गर्भनिरोधकांवरून जो तंटा झाला तो २०१४ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि पाच विरुद्ध चार अशा निकालाने काही खासगी कंपन्यांच्या मालकांना श्रद्धेच्या कारणाने सूट मिळाली. मालकाची श्रद्धा आणि नोकरदार बाईचं गर्भनिरोधक यांची गाठ मुळात पडलीच का? कारण विमा नोकरीला बांधलेला होता आणि त्यातला मजकूर कायद्याला.

नोकरीला बांधलेला विमा, यावर थोडं बोललं पाहिजे, कारण स्वातंत्र्याचा हिशेब मांडताना ही बाजू हमखास सुटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पगारवाढीवर सरकारी बंधन होतं. पगार वाढवता येत नाही म्हणून मालकांनी कामगारांना आरोग्यविम्याचं आमिष दाखवायला सुरुवात केली. पुढे त्यावर करसवलत मिळाली आणि ती सोय कायमची होऊन बसली. परिणाम असा की घरात कुणाला कर्करोग झालेला असेल तर माणूस नोकरी सोडायला धजेना. स्वतःचा धंदा सुरू करावा तर बाहेर पॉलिसी मिळणार नाही, कारण आजार आधीपासूनचा. त्याला कुणी साखळदंड घातले नव्हते, कुठलाही कायदा त्याला अडवत नव्हता, आणि तरी तो अडकलेला होता. आजाऱ्याला विमा नाकारता येणार नाही, हा नियम या माणसासाठी स्वातंत्र्याचा कायदा आहे. हप्ता भरण्याची सक्ती एका बाजूला आणि नको ती नोकरी करत राहण्याची सक्ती दुसऱ्या बाजूला, असा हा तराजू आहे. एकाच पारड्यात वजन टाकून कुणी स्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत.

ओबामांच्या कायद्यातल्या सक्तीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जून २०१२ चा निकाल मला या संदर्भात लोक समजतात त्यापेक्षा शहाणा वाटतो. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी दोन गोष्टी सांगितल्या. व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकाराखाली सरकार कुणाला काही विकत घ्यायला लावू शकत नाही. पण विमा न घेणाऱ्यावर कर लावू शकतं. पहिल्या मुद्द्यावर चार पुराणमतवादी न्यायमूर्ती त्यांच्या बाजूने होते, दुसऱ्यावर चार उदारमतवादी, आणि कायदा पाच विरुद्ध चारने तरला. दोन्ही बाजूंनी ही शब्दांची कसरत म्हणून हिणवलं. पण कायद्यातलं कलम वाचलं तर कसरत वाटत नाही. विमा न घेतल्याचा दंड २०१६ पासून प्रौढ माणसामागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. आणि तो भरला नाही तर? फौजदारी खटला भरायचा नाही, घरदार जप्त करायचं नाही, असं कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं. करखात्याला फार तर पुढचा कर-परतावा अडवता यायचा. म्हणजे नाकारण्याचं दार बंद नव्हतं. त्याला शुल्क होतं. विमा घे नाहीतर तुरुंगात जा, आणि विमा घे नाहीतर इतरांवर पडू शकणाऱ्या भाराचा थोडा वाटा भर, या दोन वाक्यांत स्वातंत्र्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढची हकीकत सक्तीच्या समर्थकांना अडचणीची आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने दंड शून्यावर आणला, २०१९ पासून. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, अंदाजपत्रक कार्यालयाने भाकीत केलं होतं की २०२७ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या एक कोटी तीस लाखांनी वाढेल. तसा कडेलोट झाला नाही. बाजार कोसळला नाही. वॉशिंग्टन राज्याचं उदाहरण देणाऱ्यांनी (मीही आत्ताच दिलं) हे सांगायला कचरू नये. कारण असं की विमा घेणाऱ्या बहुतेकांना उत्पन्नानुसार सरकारी अनुदान मिळत होतं, आणि हप्ता वाढला की अनुदानही वाढेल अशी रचना होती. धडधाकट लोक बाहेर पडले तरी उरलेल्यांना चटका बसत नव्हता. तो सरकारी तिजोरीला बसत होता. ज्यांना अनुदान नव्हतं, ते मधल्या उत्पन्नाचे लोक मात्र मोठ्या संख्येने गळाले. सक्ती गेली म्हणून खर्च कमी झाला नाही. विमा न घेणाऱ्याच्या खांद्यावरून तो करदात्याच्या खांद्यावर गेला. आणि कर ही तर जगातली सर्वांत जुनी सक्ती. (एक गंमत: दंड शून्य झाल्यावर टेक्सास आणि इतर राज्यांनी पुन्हा कोर्टात धाव घेतली की आता हा करही राहिलेला नाही, तेव्हा कायदाच रद्द करा. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत पाठवलं. ज्या आज्ञेला शिक्षाच नाही तिच्यामुळे तुमचं नुकसान काय झालं?)

मग सक्ती न करता उशिरा येणाऱ्यालाच त्याच्या उशिराची किंमत मोजायला लावली तर? स्वातंत्र्याची खरी कदर असणाऱ्यांचा हा सर्वांत चांगला पर्याय आहे, आणि तो वापरातही आहे. मेडिकेअरचा डॉक्टरी खर्चाचा भाग ऐच्छिक आहे. वेळेवर घेतला नाही तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि सहसा ती वाढ जन्मभर राहते. ऑस्ट्रेलियात सरकारी सेवेच्या वर ज्यांना खासगी रुग्णालयाचा विमा हवा, त्यांनी तो तिशीनंतर जितका लांबवला तितक्या वर्षांमागे दोन टक्के जास्त भरायचे. सलग दहा वर्षं भरल्यावर हा भार उतरतो. इथे कुणी कुणाला काही घ्यायला लावत नाही. निवड तुमची, तिचा परिणामही तुमचा.

मला हा मार्ग आवडतो. पण दोन्ही ठिकाणी तो चालतो याचं कारण लक्षात घ्यायला हवं: ऑस्ट्रेलियात त्याच्याखाली सगळ्यांसाठी सरकारी रुग्णालयांची सतरंजी आधीच अंथरलेली आहे, आणि मेडिकेअरमध्ये रुग्णालयाच्या खर्चाचा भाग बहुतेकांना नोकरीत भरलेल्या करातून मिळालेला असतो. मूळ सक्ती करात जिरलेली आहे म्हणून वरची निवड मोकळी ठेवता आली. जिथे खाली काहीच नाही तिथे पंचेचाळिसाव्या वर्षी कर्करोग घेऊन आलेल्या माणसाला, तुझ्या पंधरा वर्षांच्या उशिराचा दंड भर, असं ठणकावून सांगण्याची छाती कुणाची होणार? त्यातून तो माणूस वैचारिक भूमिका म्हणून विम्याबाहेर राहिलेला नसतोच बहुधा. हप्ता परवडत नव्हता म्हणून राहिलेला असतो.

स्वित्झर्लंडने मधला रस्ता काढला आणि तो लोकांना विचारून काढला, हे महत्त्वाचं. ४ डिसेंबर १९९४ च्या सार्वमतात जेमतेम बहुमताने कायदा मंजूर झाला आणि १९९६ पासून लागू झाला. देशात राहायला आलेल्याने तीन महिन्यांत मूलभूत विमा घ्यायचा. नाही घेतला तर कँटनच, म्हणजे तिथलं प्रांतिक सरकारच, त्याला एखाद्या कंपनीत नेमून टाकतो. ऐकायला कडक. पण आतली मोकळीक पाहा. विमा खासगी संस्थांचाच, त्यांतली कोणतीही निवडा, पटली नाही तर बदला. कुणालाही आजारपणावरून नाकारता येत नाही. पहिले किती फ्रँक स्वतःच्या खिशातून भरायचे तेही प्रौढाने स्वतः ठरवायचं, तीनशेपासून अडीच हजारांपर्यंत. जास्त जोखीम घेतली तर हप्ता कमी. आणि सर्वांत मोलाचं कलम म्हणजे या सक्तीच्या मूलभूत विम्यावर कंपनीला नफा काढता येत नाही. नफा मिळवायचा तर वरच्या ऐच्छिक पॉलिस्यांवर मिळवा. अमेरिकेतल्या सक्तीविरुद्ध सामान्य माणसाच्या मनात जो संताप होता, त्यातला निम्मा तरी याच गोष्टीचा होता: सरकार मला हाताला धरून एका नफेखोर कंपनीच्या दुकानात नेऊन सोडतंय. कर भरताना निदान तो माझ्या मताने निवडलेल्या सरकारकडे जातो. ग्राहक होण्याची सक्ती करायची तर विक्रेत्याला नफ्याची मुभा ठेवू नये, ही अट मला कायद्याच्या पहिल्या पानावर हवी.

स्विस व्यवस्थेतही खोट आहे. एकाच भागात, एकाच कंपनीकडे, सारख्याच पॉलिसीसाठी बँकेच्या संचालकाचा आणि त्याच बँकेत झाडलोट करणाऱ्या बाईचा हप्ता सारखाच. कमी उत्पन्नवाल्यांना अनुदान मिळतं, पण हप्ते वाढतच राहिले आहेत. जून २०२४ मध्ये हप्त्यावर उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव सार्वमताला आला आणि मतदारांनी तो फेटाळला. २०१४ मध्ये त्यांनी एकच सरकारी विमा करण्याची कल्पनाही फेटाळली होती. मला त्यांचे सगळे कौल पटतात असं नाही. पण जिथे सक्तीचा आकार दर काही वर्षांनी लोकांसमोर येतो, तिथे तिला जुलूम म्हणणं अवघड जातं.

ज्यांचा विरोध अगदी आतून आहे त्यांचं काय करायचं? अमेरिकेतल्या आमिश या जुन्या वळणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना विमाच मान्य नाही. संकटात देवाने आणि बिरादरीने सांभाळायचं, अशी त्यांची धारणा. ओबामांच्या कायद्याने त्यांना सूट दिली आणि ती योग्यच होती, कारण ते नुसतं नाही म्हणून थांबत नाहीत. घरात मोठं आजारपण आलं की मंडळी वर्गणी काढतात आणि रुग्णालयाशी रोख रकमेचा दर ठरवून बिल चुकतं करतात. त्यांचा नकार दुसऱ्याच्या खिशातून जात नाही. रॉन पॉल यांच्या स्वप्नातली चर्च-शेजाऱ्यांची व्यवस्था कुठे खरोखर जिवंत असेल तर ती इथे, आणि ती चालते कारण तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, आणि समाज सोडून जाण्याची किंमत जबर असते. ती सक्ती नाही असं कोण म्हणेल? शहरातल्या तीस वर्षांच्या तरुणाला ती बिरादरी उपलब्धही नाही आणि तिची शिस्त त्याला झेपणारही नाही.

सूट देण्याची नेदरलँड्सची रीत तर मला फारच नेटकी वाटते. २००६ पासून तिथे प्रत्येकाला मूलभूत विमा घ्यावा लागतो. श्रद्धेमुळे विम्यालाच विरोध असणाऱ्याला नोंद करून त्यातून बाहेर राहता येतं. त्याने त्याऐवजी उत्पन्नावर पर्यायी कर भरायचा, आणि त्यातून त्याच्या नावाने साठलेल्या रकमेतून त्याच्या उपचारांचा खर्च दिला जातो. विवेकाला मान दिला आणि हिशेबही सोडला नाही.

इथवर मी सक्तीच्या बाजूने बराच पुढे आलो आहे. आता जिथे मला खरी भीती वाटते तिथे येतो. हप्ता ही स्वातंत्र्याची फार मोठी हानी नाही. पैसे जातात, माणूस तसाच राहतो. धोका त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. तुझं बिल मी भरतो, असं एकदा झालं की तू काय खातोस, किती चालतोस, किती पितोस यात नाक खुपसण्याचा हक्क मला आपोआप मिळाल्यासारखा वाटतो. स्कॅलिया यांची ब्रोकोली या दारातून आत येते, आणि ती विकत घ्यायची सक्ती म्हणून न येता खाल्ली नाहीस तर हप्ता वाढेल अशा पत्राच्या रूपाने येते.

जपानमध्ये २००८ पासून विमासंस्थांवर बंधन आहे की त्यांनी ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या वार्षिक तपासणीत कमरेचा घेर मोजायचा. पुरुषांसाठी मर्यादा ८५ सेंटीमीटर, बायकांसाठी ९०. ज्यांचा घेर त्याहून जास्त आणि रक्तदाब किंवा साखरही वाढलेली, त्यांना आहाराचं समुपदेशन. दंड व्यक्तीला नाही, उद्दिष्ट न गाठणाऱ्या संस्थेला. हेतू चांगलाच आहे. पण संस्थेला दंड बसू नये म्हणून कार्यालयातला वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसाच्या पोटाकडे कोणत्या नजरेने पाहू लागेल, याचा विचार करा. अमेरिकेत ओबामांच्याच कायद्याने मालकांना मुभा दिली की आरोग्याची ठरलेली उद्दिष्टं पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या कामगारांच्या खर्चात विम्याच्या किमतीच्या तीस टक्क्यांपर्यंत फरक करा, तंबाखूच्या बाबतीत पन्नास टक्क्यांपर्यंत. ज्या कायद्याने आजारपणावरून भेदभाव पुढच्या दाराने बाहेर काढला, त्यानेच तो सवयींच्या नावाने मागच्या दाराने परत घेतला. तंबाखूचं एक वेळ समजू शकतो. वजन आणि रक्तदाब यांत किती वाटा सवयीचा, किती आनुवंशिकतेचा आणि किती रात्रपाळीचा, हे हप्ता ठरवणाऱ्या बाबूला कुठून कळणार?

स्वातंत्र्यवाद्यांनी आपली सगळी ताकद हप्ता भरायचा की नाही यावर खर्च केली, आणि तो मुद्दा ते बहुतेक देशांत हरले, हरणारच होते. ती ताकद इथे लावायला हवी होती. सक्तीचा विमा आणणाऱ्या कायद्यात विमासंस्थेने काय द्यायचं याची लांबलचक यादी असते. तिने काय विचारायचं नाही याचीही यादी तितक्याच ठळकपणे असायला हवी: मनगटावरच्या घड्याळात नोंदलेली पावलं, किराणा दुकानाच्या कार्डावरची खरेदी, आईवडिलांचे आजार, जनुकांची तपासणी. हप्ता ठरवताना वय आणि राहण्याचा भाग एवढंच धरावं, बाकी कशाचाही संबंध नसावा. आणि मालकाला तर कामगाराच्या प्रकृतीबद्दल विमासंस्थेकडून एक ओळसुद्धा मिळू नये.